खडक हटवला नाही, त्याच्या पोटातच चर्च केलं : हेलसिंकीच्या ‘टेम्पेलियाउकिओ’ची गोष्ट

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. या शहराच्या टोलो नावाच्या भागात चारी बाजूंनी राहत्या इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध एक चौक आहे. चौक म्हटलं की आपल्याला पुतळा, बाग, टपऱ्या आठवतात. इथे त्यातलं काही नाही. इथे आहे तो उघडा खडक, जसा होता तसा. त्या खडकाच्या माथ्यावर दगडांचा एक गोल बांध रचलेला दिसतो आणि बांधाच्या आडून तांब्याच्या घुमटाची पाठ थोडीशी वर आलेली दिसते. नवखा माणूस त्याला गावाची पाण्याची टाकी समजून पुढे निघून जाईल.

पण हे चर्च आहे. नाव टेम्पेलियाउकिओ. ना उंच मनोरा, ना वर चढवलेली घंटा. तरीही वर्षाला पाच लाखांच्या आसपास माणसं ते बघायला येतात. खडकात कोरलेलं देऊळ आपल्याला नवं नाही, वेरूळचं कैलास लेणं मराठवाड्यातल्या शाळेच्या प्रत्येक सहलीत असतंच. पण विसाव्या शतकात, डांबरी रस्ते आणि ट्राम धावणाऱ्या शहरात, एका साध्या वस्तीच्या प्रार्थनेसाठी खडक पोखरायचा, हे कसं सुचलं असेल? त्याला तीस-चाळीस वर्षं का लागली? आणि काम चालू असताना त्या खडकावर रात्रीतून एका आफ्रिकी मुलखाचं नाव का रंगवलं गेलं?

आधी लूथरन म्हणजे कोण

आपल्या भागात कॅथलिक चर्च माहीत असतं, मिशनचा दवाखाना आणि शाळा माहीत असते. लूथरन हे नाव मात्र फारसं कानावर येत नाही. (भारतात त्यांची जुनी जागा म्हणजे तमिळनाडूतलं तरंगंबाडी. तिथे १७०६ साली जर्मन मिशनरी उतरले होते.) जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात मार्टिन लूथर या धर्मपंडिताने १५१७ साली पोपच्या कारभारावर जाहीर आक्षेप घेतले आणि त्यातून जी वेगळी वाट निघाली ती लूथरन. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत हवा, उपदेश लोकांना कळायला हवा आणि गाणं सगळ्या मंडळींनी मिळून म्हणायला हवं, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडच्या कीर्तनात टाळकरी आणि श्रोते मिळून पालुपद धरतात, काहीसं त्या जातीचं हे गाणं.

फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राजाच्या ताब्यात होता. राजा लूथरन झाला, देश लूथरन झाला. मिकाएल अ‍ॅग्रिकोला नावाचा एक फिनिश तरुण विटेनबर्गला जाऊन शिकून आला आणि १५४८ साली त्याने बायबलचा नवा करार फिनिश भाषेत छापला. लिखित फिनिश भाषेचा पाया त्यानेच घातला असं मानतात. अ‍ॅग्रिकोला हे त्याने घेतलेलं नाव, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शेतकरी. बाप शेतकरी होता म्हणून.

आता पॅरिश. पॅरिश म्हणजे चर्चची ठरलेली हद्द, जसा ग्रामपंचायतीचा शिवार असतो. त्या हद्दीत राहणाऱ्या सभासदांचा बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी तिथल्या पाळकाकडे. फिनलंडमध्ये चर्चचा सभासद असणाऱ्याला उत्पन्नाच्या साधारण १ ते २ टक्के चर्च-कर भरावा लागतो आणि तो सरकारी करासोबतच कापला जातो. आज देशातले ६० ते ६५ टक्के लोक सभासद आहेत. हे चर्च बांधलं तेव्हा ते प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे चर्च बांधायचं तर वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरायचं नाही, पैसा कराचा. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे भांडण पेटलं ते याच पैशावरून.

नाव आधी, चर्च नंतर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलसिंकी वाढायला लागलं आणि टोलोच्या मोकळ्या खडकाळ जमिनीवर नव्या वस्तीचे नकाशे आखले गेले. तेव्हाच हा खडकाचा तुकडा चर्चसाठी राखून ठेवला होता. फिनिशमध्ये ‘टेम्पेली’ म्हणजे मंदिर आणि ‘आउकिओ’ म्हणजे चौक. मंदिर-चौक. वस्ती भरली, ट्राम आली, माणसं मंदिर-चौकाचा पत्ता सांगायला लागली, पण मंदिर काही उभं राहिना. आपल्याकडे स्टॅंडचं नाव पडतं आणि स्टॅंड वीस वर्षांनी होतो, तसलाच प्रकार.

१९३२ साली आराखड्यांची पहिली स्पर्धा झाली. एकही नकाशा पसंत पडला नाही. १९३६ ला दुसरी झाली. ती जे. एस. सिरेन या वास्तुकाराने जिंकली. हा लहानसहान माणूस नव्हे, फिनलंडचं संसद भवन त्याचंच. १९३९ मध्ये त्याच्या नकाशावर काम सुरू झालं आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या. हेलसिंकीवर बॉम्ब पडले. काम जागेवर थांबलं.

युद्ध संपल्यावरही चर्चची पाळी लवकर आली नाही, आणि येणारही नव्हती. पूर्वेकडचा कारेलिया प्रांत गेला होता आणि तिथून उठलेल्या चार लाखांहून अधिक लोकांना देशात जमीन-घर द्यायचं होतं. देशाची सगळी लोकसंख्याच तेव्हा चाळीस लाखांच्या आत. वर सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई द्यायची होती, ती यंत्रं, जहाजं, लाकूड अशा मालात १९५२ पर्यंत चालली. ज्या देशात विस्थापितांना ओसरी मिळत नाही तिथे देवासाठी नवा वाडा कोण बांधणार?

तिसरी स्पर्धा लागली ती १९६० मध्ये. १९६१ ला निकाल लागला आणि जिंकले दोन भाऊ, तिमो आणि तुओमो सुओमालाइनेन. आडनावाचा अर्थच ‘फिनलंडचा माणूस’. दोघांचा जन्म फिनलंडच्या आखातातल्या सुर्सारी या खडकाळ बेटावरचा. ते बेटही युद्धात सोव्हिएत संघाकडे गेलं. खडकाच्या बेटावर जन्मलेल्या पोरांना शहरातला खडक अडचण वाटला नाही, यात नवल नाही.

अडचण होती तीच जागा ठेवली

खडकाळ चौकात चर्च बांधायचं म्हटल्यावर नेहमीचा विचार काय? खडक फोडून सपाटी करायची आणि वर इमारत उभी करायची. भावांनी उलटा विचार केला. चारी बाजूंच्या घरांना इतकी वर्षं खिडकीतून हा खडक दिसतो, तो तसाच दिसत राहिला पाहिजे. मग चर्च कुठे? खडकाच्या आत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. याला अनेक जण भुयारातलं चर्च म्हणतात. तसं ते नाही. भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खडक उंच आहे. त्यामुळे वरून पोखरत खाली गेलं की तळ येतो तो जवळपास रस्त्याच्याच पातळीला. फ्रेडरिकिनकातू नावाचा सरळ रस्ता थेट चर्चच्या दारात येऊन संपतो. दार साधं, बुटकं, काँक्रीटचं. पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. चालत चालत माणूस आत येतो आणि डोक्यावरचं बुटकं छत संपून एकदम उंच घुमट उघडतो.

प्रत्यक्ष काम सुरू झालं फेब्रुवारी १९६८ मध्ये. मंजुरी आणि बांधकाम यांच्यामध्ये सात वर्षं गेली आणि पैशाअभावी मूळ आराखड्याला कात्रीही लागली. काम कसं चाललं असेल हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. विहीर खोदताना कॉम्प्रेसर लावून भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे आणि यारीने डबर वर काढायचं. रीत तीच, आकार मात्र मोठा आणि भोवती राहती घरं. आजही चर्चच्या भिंतींवर त्या ड्रिलच्या उभ्या खुणा दिसतात, कुणी त्या घासून काढल्या नाहीत.

दगड मात्र आपला नव्हे. आपला काळा कातळ हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हेलसिंकीचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा आणि १८०-१९० कोटी वर्षांचा. त्यात राखाडी, तांबूस, जांभळट अशा छटा आहेत. हिमयुगात त्यावरून बर्फाचे प्रचंड थर सरकले, खडक घासला गेला, कुठे फटी पडल्या. अशाच एका फटीपुढे वेदी ठेवलेली आहे. इतर चर्चमध्ये वेदीमागे मोठं चित्र असतं. इथे ती फट हेच चित्र. वेदी म्हणजे ग्रॅनाइटचा करवतीने कापलेला ठोकळा, बस.

खडबडीत भिंत का राहिली

या चर्चची जान म्हणजे त्याची उघडी, ओबडधोबड भिंत. ती १५ ते २५ फूट उंच आहे. गंमत अशी की स्पर्धेत दिलेल्या नकाशात ही उघडी भिंत नव्हती. भावांच्या मनात ती होती, पण परीक्षकांना फारच धाडसाचं वाटेल म्हणून त्यांनी ती दाखवलीच नाही. नंतर ती परत आली, आणि तीही दिसण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

लूथरन उपासनेत शब्द आणि गाणं यांना किती किंमत आहे ते वर आलंच. पाळकाचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोहोचला पाहिजे. गोल इमारतीत नेमकी तिथेच अडचण. विजापूरच्या गोल घुमटात एका बाजूला पुटपुटलं तर पलीकडे ऐकू येतं, टाळी वाजवली तर घुमत राहते. बघायला मजा, पण तिथे प्रवचन ऐकायला बसा! कारण साधं आहे. गुळगुळीत आणि गोल पृष्ठभाग आवाज एकाच ठिकाणी परत फेकतो. खडबडीत पृष्ठभागावर आदळलेला आवाज दहा दिशांना विखुरतो आणि घुमत नाही. प्लास्टर केलेल्या विहिरीत हाक मारावी आणि मग नुसत्या फोडलेल्या कातळाच्या विहिरीत मारावी, फरक लगेच कळतो.

पावो बर्गलुंड हे फिनलंडचे नामांकित संगीत-संचालक. त्यांनी उत्तम संगीतगृहांतला आपला अनुभव भावांना सांगितला आणि ध्वनितज्ज्ञ मौरी पार्यो यांनी भिंतीचा पृष्ठभाग कसा असावा याच्या अटी घालून दिल्या. त्या अटी वाचल्यावर भावांच्या लक्षात आलं की सुरुंगाने फुटलेला खडक जसाच्या तसा ठेवला तर सगळ्या अटी आपोआप पुऱ्या होतात. वेगळं काही करायलाच नको. जे धाडस परीक्षकांपुढे मांडायची छाती झाली नाही, ते शास्त्राच्या हिशेबाने पास झालं.

परिणाम आज ऐकू येतो. टेम्पेलियाउकिओत उपासना होते आणि संगीताचे कार्यक्रमही सतत होतात. १९७५ मध्ये इथे वेइक्को वीर्तानेन यांनी बांधलेला ऑर्गन बसला, त्याला ३००१ नळ्या आहेत.

उजेड कुठून येतो

खडकाच्या खड्ड्यावर झाकण घातलं की आत अंधार होणार. त्यात हेलसिंकीचा डिसेंबरातला दिवस सहा तासांपेक्षा लहान. म्हणून घुमट भिंतीवर थेट टेकवलेला नाही. घुमट गोल आहे, २४ मीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ७९ फूट. जमिनीपासून त्याचा माथा १३ मीटर. खड्ड्याची कड मात्र गोल नाही, खडक फुटेल तशी वेडीवाकडी आहे. घुमटाची कड आणि खडकाची कड यांच्यामध्ये काँक्रीटच्या बारीक तुळया टाकल्या आहेत, सायकलच्या चाकाला आऱ्या असतात तशा. अंतर जागोजाग वेगळं, त्यामुळे तुळयांची लांबीही कमी-जास्त. त्यांच्या मधल्या फटींत १८० काचा बसवल्या आहेत. ऊन खडकावरून उतरत येतं आणि दिवसभर जागा बदलत राहतं. जून महिन्यात तर संध्याकाळच्या कार्यक्रमालाही दिव्याची फारशी गरज पडत नाही.

घुमट आतून तांब्याच्या पट्टीने मढवलेला आहे. पट्टी एकाला एक लावत फिरवत नेली आहे. तिची एकूण लांबी २२ किलोमीटर भरते. आपल्याकडे तालुक्याचं गाव लागेल एवढं अंतर!

खोदकामातून निघालेला दगडही वाया गेला नाही. बाहेर घुमटाभोवतीचा बांध त्याचाच. आतही खालची भिंत अखंड खडकाची आणि तिच्यावरची उंची रचलेल्या दगडांची. बांधावर ताल घालणाऱ्या माणसाला ही रचणी ओळखीची वाटेल.

आणि पाणी. खडक फोडला की पाझर लागतोच. पावसात, बर्फ वितळताना इथल्या फटींतून पाणी झिरपतं. ते बंद करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. पाण्याला वाट करून दिली, ते खालून वाहून जातं.

खडकावर रंगवलेलं नाव

१९६८ साल. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांतात युद्ध चाललं होतं. नाकेबंदी झालेली, अन्न पोहोचत नव्हतं. पोट फुगलेल्या, हाडं दिसणाऱ्या लेकरांचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर येत होते. त्याच वेळी हेलसिंकीत कराच्या पैशातून खडक फोडून चर्च चाललं होतं. एका रात्री तरुण विद्यार्थ्यांनी बांधकामाच्या जागेवर खडकावर मोठ्या अक्षरांत ‘बियाफ्रा’ असं रंगवलं.

विशेष म्हणजे ही पोरं धर्माच्या विरोधातली नव्हती, ख्रिस्ती विद्यार्थीच होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की जो पैसा भुकेल्याच्या तोंडी घालायचा तो दगडात का घालता? इतर टीकाही भरपूर झाली. हे चर्चसारखं दिसतच नाही, म्हणून कुणी त्याला ‘सैतानापासून बचावाचा बंकर’ असं टोपणनाव दिलं.

टोपणनाव विसरण्यासारखं आहे. विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. आपल्या गावांत मंदिराच्या जीर्णोद्धाराला लाखोंनी जमतात आणि शाळेची खोली पावसाळ्यात गळते, तेव्हा पारावर हाच वाद होतो आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलणारी माणसं गावावर माया करणारीच असतात. टोलोच्या मंडळींची बाजूही होती. वस्ती वाढून दशकं झाली होती, युद्धापायी त्यांनी वाट पाहिली होती, विस्थापितांची घरं झाल्यावरच त्यांची पाळी आली होती, आणि मूळ आराखडाही छाटलेला होता. थांबायचं तरी किती? दोन्ही बाजू ऐकल्यावर निकाल देणं सोपं नाही. काम थांबलं नाही, २८ सप्टेंबर १९६९ ला चर्चचा अर्पण सोहळा झाला. बियाफ्राचं युद्ध त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी १९७० मध्ये संपलं.

आज काय चालतं

पुढे जे झालं ते टीकाकारांनी आणि बांधणाऱ्यांनीही कल्पिलं नसेल. जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी आणि पर्यटक इथे यायला लागले. २००४ पासून ही इमारत कायद्याने संरक्षित आहे. आता नुसतं बघायला येणाऱ्याला तिकीट आहे. उपासनेला येणाऱ्याला नाही. गर्दीमुळे एक पेच मात्र कायम आहे. हे मूळ वस्तीचं चर्च, इथे बाप्तिस्मे आणि लग्नं होतात, त्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबावं लागतं. परदेशातून आलेला माणूस कॅमेरा घेऊन दारात ताटकळतो आणि आत टोलोतल्या कुणाच्या तरी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं जात असतं.

बाके साधी, लाकडी. गाद्यांचे रंग भिंतीतल्या खडकावरूनच घेतलेले. वर सज्जा आहे, त्यालाही तांबं. या सगळ्यात सोन्याचा मुलामा कुठे नाही, रंगीत काचांची चित्रं नाहीत.

आणि मनोरा नाही म्हटल्यावर घंटा कुठे टांगायची? तानेली कुसिस्तो या संगीतकाराने घंटानादाची रचना केली, ती ध्वनिमुद्रित केली गेली आणि उपासनेच्या वेळी खडकाच्या बाहेरच्या अंगाला लावलेल्या भोंग्यांतून वाजते. आजूबाजूच्या गल्ल्यांना तेवढ्यावरून कळतं, की चर्च भरलं.